हातातलं कसब लिहून पैसे येतात ते कुठून?

रात्री अकराच्या सुमाराला विहिरीवरची मोटार घुं-घुं करायला लागली आणि फिरेना, की शेतकरी आधी वायरमनला फोन लावतो. त्याने उचलला नाही तर ओळखीच्या मिस्त्रीला लावतो. तोही झोपलेला असतो. मग बांधावर उभं राहून, एका हातात बॅटरी धरून तो मोबाईलला विचारतो. माझ्या ब्लॉगवर माणसं येतात ती बहुतेक अशी. काय शब्द टाकून आली, ते मला नंतर दिसतं: "मोटर आवाज करते फिरत नाही", "स्टार्टर खटकन पडतो", "एक फेज गेला तर मोटार जळते का".

मी तासगाव भागात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तार नव्याने भरायचं, काम करतो. गेली काही वर्षं रात्री जेवण झालं की तासभर त्याच कामाबद्दल लिहितो. त्यामुळे ओळखीपाळखीची मंडळी विचारत असतात. कोणी एसी दुरुस्त करतं, कोणी भोसरीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशिनवर आहे, कोणी ठिबकचं डिझाइन करतं, एक भाची पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. प्रश्न सगळ्यांचा एकच: लिहून खरंच पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर देतं कोण?

मिळतात. पण लोकांना वाटतं त्या दारातून फार थोडे येतात, आणि ज्या दाराकडे कोणी बघत नाही तिथून जास्त येतात. हे का होतं ते समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पान वाचणाऱ्यापर्यंत पोचतं कसं ते पाहू. गूगलचा एक प्रोग्रॅम दिवसरात्र इंटरनेटवरची पानं वाचत फिरत असतो. एका पानावरचा दुवा धरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. जे वाचलं त्याची तो सूची करून ठेवतो, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी: हा शब्द अमुक-अमुक पानांवर आहे. तुम्ही काही शोधता तेव्हा गूगल त्या क्षणी जगभर धावत नाही, ही तयार सूची उघडतं. मग त्यातलं कोणतं पान वर ठेवायचं ते ठरवतं. शोधणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर पानात आहे का, दुसऱ्या चांगल्या पानांनी त्याचा दुवा दिलाय का, पान साध्या मोबाईलवर पटकन उघडतं का, अशा पुष्कळ गोष्टी त्यात धरल्या जातात. शोधाचे निकाल तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात डिसेंबर २०२२ मध्ये एक निकष मुद्दाम वाढवला गेला: लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव. हातात पकड-पाना घेऊन काम करणाऱ्याला ही फार मोलाची गोष्ट आहे.

इथे मराठीत एक जुनी फसगत आहे, ती आधी सांगून टाकतो. आपल्याकडे कित्येक वर्षं छापखान्यांत आणि कचेऱ्यांत कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप करायची पद्धत होती. पडद्यावर 'मोटार' दिसायचं, पण कॉम्प्युटरच्या पोटात त्या जागी वेगळ्याच चिन्हांचे संकेत असायचे. फॉन्ट काढून टाकला की सगळा कचरा दिसतो. गूगलच्या सूचीला तो कचराच दिसतो, म्हणजे ते लेखन मराठीत आहे हेच त्याला कळत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, आणि देवनागरी त्यात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर लिहिलं की ते आपोआप युनिकोडच असतं. जुने टिपण असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. मजकुराचा फोटो काढून पानावर चिकटवणं हाही तसाच प्रकार, त्यातला मजकूर शोधात सापडण्याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. मराठी विश्वकोशात मोटारीला 'विद्युत् चलित्र' म्हटलंय. शब्द सुंदर आहे, विषयाच्या शास्त्राला शोभणारा आहे. पण रात्री अकराला बांधावरून तो शब्द कोणी टाइप करणार नाही. तो 'मोटर' टाकेल, 'मोटार' टाकेल, 'होल्टेज' टाकेल. पुष्कळ जण तर मराठीच वाक्य इंग्रजी अक्षरांत टाकतात. म्हणून मी शीर्षकात लोकांच्या तोंडचा शब्द ठेवतो, आणि शास्त्राचा शब्द पुढे मजकुरात एकदा ओळख करून देऊन वापरतो. कोणते शब्द टाकून लोक आपल्या पानावर आले हे पाहायला गूगलचंच सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. ब्लॉग सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात ते जोडून घ्या. मला पुढचे विषय तिथूनच मिळतात. "स्टार्टर खटकन पडतो" हा शब्दप्रयोग मी स्वतः कधी वापरला नसता, आम्ही दुकानात 'ट्रिप होतो' म्हणतो. पण माणसं खटकन पडतो असंच म्हणतात.

आता लिहायचं काय, हा सगळ्यात मोठा भाग.

नवीन लिहिणारा बहुतेक वेळा 'इलेक्ट्रिक मोटार म्हणजे काय, प्रकार व उपयोग' इथून सुरुवात करतो. मीही केली होती. तसली पानं शेकडो आहेत, आणि ज्याची मोटार बंद पडलीय त्याला त्यातलं काही नको असतं. त्याला एकच गोष्ट हवी असते, आणि ती तुम्ही हाताने केलेली असते.

एक उदाहरण जवळून दाखवतो. थ्री फेजपैकी, म्हणजे मोटारीला येणाऱ्या विजेच्या तीन तारांपैकी, एक फेज गेला तर मोटार जळते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जळालेली मोटार दुकानात आली की मालक विचारतो, "कशानं जळाली?" उत्तर वायंडिंगवर, म्हणजे आत भरलेल्या तारेच्या कॉइलवर, लिहिलेलं असतं. मोनोब्लॉकचं, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेल्या संचाचं, झाकण काढून पाहा. सगळ्याच कॉइल सारख्या काळ्या पडल्या असतील तर मोटार बराच वेळ जादा लोडवर चालली: पाण्याची पातळी, इंपेलर, बेअरिंग, कमी होल्टेज यांकडे बघायचं. कॉइल एकमेकींना जोडायच्या दोन रीती असतात, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीची मोटार असेल आणि दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसरी जशीच्या तशी लाल-पिवळी चकाकत असेल, तर फेज गेलेला होता. डेल्टा जोडणी असेल तर उलट, एकाच फेजच्या कॉइल जळालेल्या असतात आणि बाकीच्या दोन्ही बऱ्या. कारण साधं आहे. चालू मोटारीचा एक फेज गेला तरी पाणी उपसायचं काम तेवढंच राहतं, मग उरलेल्या तारा जवळजवळ पावणेदोन पट करंट ओढतात, लोड भरपूर असेल तर त्याहून अधिक. ५ एचपीची मोटार जिथे साडेसात-आठ अँपिअर घेत होती, तिथे टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर, तेरा-चौदा दाखवतो. तेवढ्या करंटवर इनॅमलचा लेप फार वेळ टिकत नाही.

हे सगळं मी एका पानावर लिहिलं, तीन वेगवेगळ्या मोटारींचे फोटो काढून. सगळ्या माझ्या दुकानात आलेल्या. फोटोखाली फक्त एवढंच: ही कशाने जळाली, ही कशाने, आणि ही कशाने. ते पान लिहायला मला चार रात्री लागल्या. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच. त्याआधीची 'प्रकार व उपयोग' छापाची पानं मी नंतर काढून टाकली.

तुमच्या धंद्यातही असं काहीतरी असणारच. एसीवाल्याला कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून कळतं. ठिबकवाल्याला लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरखाली ग्लास धरून कळतं. टेस्टिंग करणाऱ्या माझ्या भाचीला लॉगमधली एक ओळ पाहून कळतं की चूक प्रोग्रॅममध्ये नाही, तपासणीच्या मशिनच्या घड्याळात आहे. ती ओळ, तो ग्लास, तो आवाज, तिथून लिहायला सुरुवात करा.

आणि सुरक्षेची ओळ पहिली. माझ्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच वाक्य असतं: आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मग हात लावा. आपलं लिहिलेलं वाचून माणूस ओल्या जमिनीवर उभं राहून काहीतरी करणार असतो, हे एक क्षणही विसरता येत नाही. थ्री फेज मोटार कंडेन्सर लावून कमी फेजवर कशी चालवायची, हे पुष्कळ लोक शोधतात. ते लिहिलं असतं तर वाचक वाढले असते. मी लिहिलं नाही. ते का करू नये, त्यात मोटारीचं आणि डीपीचं, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचं, काय होतं, एवढंच लिहिलं.

एक चूक माझ्याकडूनही झाली. ५ एचपीला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटार बंद पाडणारा भाग, किती अँपिअरवर लावायचा याचा मी सरळ एक आकडा देऊन टाकला होता. तो मोनोब्लॉकसाठी ठीक होता. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायची मोटार, तेवढ्याच एचपीला जास्त करंट घेते. पंढरपूरकडच्या एका शेतकऱ्याने तो आकडा सबमर्सिबलला लावला आणि त्याची मोटार दर दहा मिनिटांनी पडू लागली. दोन दिवस पिकाला पाणी नाही. त्याने फोन केला तेव्हा तो चिडला नव्हता, दमला होता. मी त्याच दिवशी पान दुरुस्त केलं: आकडा मोटारीच्या नेमप्लेटवरून घ्यायचा, माझ्या पानावरून नाही. खाली तारीख टाकून काय चुकलं होतं तेही लिहिलं. छापील पुस्तकात चूक राहून जाते, इथे दुरुस्त करता येते, म्हणून करायलाच हवी. शिवाय अशी दुरुस्तीची नोंद पाहून वाचकाचा विश्वास वाढतो, हे मला पुढे लोकांनीच सांगितलं.

लिहायचं कुठे, यावर लोक महिने घालवतात. तेवढं त्यात काही नाही. ब्लॉगर ही गूगलची सेवा आहे, फुकट आहे. वर्डप्रेस हे २००३ साली आलेलं मुक्त सॉफ्टवेअर, ते स्वतःच्या भाड्याच्या जागेवर, म्हणजे होस्टिंगवर, चालवता येतं. एका गोष्टीवर मात्र खर्च करा: स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्ता. वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपयांत काम होतं. पत्ता तुमच्या नावावर असेल तर उद्या ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर बिऱ्हाड हलवलं तरी वाचक जुन्याच पत्त्यावर येतो. फक्त फेसबुकवर लिहिणाऱ्यांचं नुकसान इथे होतं. लेख तीन दिवसांत खाली वाहून जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ज्याची मोटार जळेल त्याला तो सापडत नाही. फोटो स्वतःचे वापरा. गूगलवर सापडला म्हणून फोटो आपला होत नाही, त्यावर काढणाऱ्याचा हक्क कॉपीराइट कायद्याने असतो.

आता जाहिराती. सगळ्यांच्या मनात हेच दार असतं.

आमच्या तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात. शेतकऱ्याचा माल, व्यापाऱ्यांची बोली, मध्ये अडत्या. जाहिरातीचा बाजार अगदी असाच चालतो. तुमच्या पानावरची रिकामी जागा हा माल. कोणीतरी पान उघडलं की त्याच क्षणी त्या जागेचा सौदा होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. बोली लावणाऱ्यांना पानाचा विषय कळतो, वाचणारा कुठल्या भागातला, कुठल्या फोनवर, याचा अंदाज कळतो. जो जास्त बोली लावतो त्याची जाहिरात दिसते. गूगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ पासून इथे अडत्याचं काम करते. जाहिरातदाराने १०० रुपये मोजले तर सगळी अडत वजा जाऊन लिहिणाऱ्याच्या हातात साधारण ६८ येतात. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांमध्ये आहे, तेव्हा भाषेची अडचण नाही.

अडचण बोलीची आहे. सौद्यात चार व्यापारी चढाओढीने उभे असले तर दर मिळतो, एकच असला तर तो म्हणेल तो दर. अमेरिकेतल्या विम्याबद्दल किंवा कर्जाबद्दलच्या इंग्रजी पानावर बोली लावायला कंपन्यांची रांग असते. जळालेल्या मोनोब्लॉकबद्दलच्या मराठी पानावर कोण येणार? पंप कंपन्यांची जाहिरात अजून भिंतींवर, एसटी स्टँडवर आणि डीलरच्या दुकानात असते.

हिशेब मांडून पाहू. समजा महिन्याला २०,००० वेळा तुमची पानं उघडली गेली, आणि हजार वेळांमागे ४० रुपये सुटले. महिन्याचे ८०० रुपये झाले. ॲडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. डॉलर ८५-९० रुपयांचा धरला तर पहिली रक्कम हातात यायला अकरा-बारा महिने. मधे १० डॉलर झाले की गूगल पोस्टाने एक पिन पाठवतं, तो टाकून पत्त्याची खात्री करून द्यावी लागते. गावचा पत्ता नीट, पिनकोडसह लिहा, कारण हे पाकीट साध्या टपालाने येतं. आणि एक सक्त सूचना: स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारायची नाही, भाऊबंदांना मारायला सांगायचं नाही. ते ओळखलं जातं आणि खातं बंद होतं.

इंग्रजीत लिहिलं तर? माझ्या सीएनसीवाल्या मित्राने मी सांगितल्यावर इंग्रजीतच सुरू केलं, आणि ते बरोबर होतं. मशिनच्या कंट्रोलरवर जो अलार्मचा आकडा येतो तो भोसरीत, राजकोटमध्ये आणि तैवानमध्ये सारखाच असतो. त्याचा वाचक जगभर आहे. माझा वाचक बांधावर आहे, तो मराठीतच विचारतो. वाचक कुठे उभा आहे ते बघून भाषा ठरवा. जनगणनेनुसार २०११ साली मराठी मातृभाषा असणारे ८.३ कोटी होते. एवढ्या लोकांच्या यंत्रांबद्दल त्यांच्या भाषेत नीट लिहिलेलं फार थोडं आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि कामही तिथेच शिल्लक आहे.

गूगलच्या सौद्यापेक्षा थेट विक्री मला परवडली. तालुक्याच्या गावातल्या एका केबल-स्टार्टरच्या दुकानदाराने महिन्याचे ठरावीक पैसे देऊन पानाच्या बाजूला आपल्या दुकानाचं नाव लावायला घेतलं. त्याच्या गिऱ्हाइकांतले बरेच लोक माझं पान वाचतात, हे त्याला गल्ल्यावर बसून कळलं होतं. त्यासाठी त्याला आकडे दाखवावे लागले नाहीत.

दुसरं दार दुव्यावरच्या कमिशनचं. अमेझॉनसारख्या दुकानाच्या वस्तूचा दुवा तुम्ही पानावर देता, वाचकाने त्यावरून वस्तू घेतली तर ठरावीक टक्के तुम्हाला. टाँग टेस्टर, मल्टीमीटर, सोल्डरिंगचं सामान अशा वस्तूंना हे चालतं, कारण त्या घेणारी पोरं ऑनलाइन घेतात. स्टार्टर आणि केबलला माझ्याकडे अजिबात चाललं नाही. शेतकरी त्या वस्तू ओळखीच्या दुकानातून घेतो, पैसे बेदाणा विकला की देतो, आणि बिघडलं तर त्याच दुकानदाराच्या काउंटरवर आणून ठेवतो. ही उधारी आणि ही हमी कुठलाच दुवा देऊ शकत नाही. तुमच्या वाचकाची खरेदीची रीत कशी आहे ते आधी बघा, मग दुवे लावा.

कमिशन मिळत असेल, किंवा कंपनीने वस्तू फुकट दिली असेल, तर ते वाचकाला स्पष्ट दिसेल असं लिहिणं बंधनकारक आहे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे नियम २०२१ चे आहेत, आणि केंद्र सरकारनेही ग्राहक संरक्षण कायद्याला धरून जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शिका काढली. माझ्याकडे एकदा कपॅसिटरचा, म्हणजे कंडेन्सरचा, एक खोका आला, बरोबर निरोप: चांगलं लिहा, आमचं नाव कुठे फुकट दिल्याचं येऊ देऊ नका. मी त्यातले चार लावून तपासले, दोन ठीक निघाले, दोनांची क्षमता छापल्यापेक्षा बरीच कमी निघाली. खोका परत पाठवला आणि काहीच लिहिलं नाही. आज वाटतं, मोजलेले आकडे लिहायला हवे होते. पुन्हा असं झालं तर लिहीन.

आता ते दार, जिथून खरे पैसे आले.

ब्लॉग सुरू करून दीडेक वर्ष झालं असेल. एका सहकारी उपसा सिंचन संस्थेच्या सचिवांचा फोन आला. नदीवर त्यांचे मोठे पंप, दर हंगामाला एखादी मोटार जळायची. त्यांनी ते तीन फोटोंचं पान वाचलं होतं, आणि मागच्या वेळी जळालेल्या मोटारीचा फोटो त्याच्याशी ताडून पाहिला होता. म्हणाले, "मिस्त्री, आमची प्रत्येक वेळी दोनच फेजला जळते. म्हणजे फेज जातोय, बरोबर?" बरोबरच होतं. पॅनेलमध्ये मोटारीला वीज जोडणाऱ्या एका कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट झिजला होता, तापला की कधी लागायचा, कधी नाही. त्या संस्थेचं वर्षाच्या देखभालीचं काम मला मिळालं. ॲडसेन्सने मला आतापर्यंत एकूण जेवढे दिले, त्याहून जास्त त्या एका कामाच्या पहिल्या वर्षात मिळाले.

हे एकट्या माझ्याच बाबतीत होतं असं नाही. सीएनसीवाल्या मित्राला पान वाचून एका कारखान्याने पोरांना शिकवायला बोलावलं. कसबावर लिहिणाऱ्याला पैसा पान वाचणाऱ्या हजारांकडून नाही, त्यातल्या चार-पाच जणांकडून येतो. ते चार-पाच जण आधी तुमची दहा पानं वाचतात, तुम्ही कसा विचार करता ते बघतात, आणि मग फोन करतात. गिऱ्हाईक आलं की "आधी कुठे काम केलंय?" हा प्रश्न येतो ना, त्याचं उत्तर ब्लॉगने आधीच दिलेलं असतं. म्हणून प्रत्येक पानाखाली तुम्ही कोण, काय काम करता, कुठल्या भागात करता आणि कामासाठी कसं गाठायचं, हे दोन ओळींत असू द्या. कितीतरी जाणकार लोकांची पानं मी पाहिली आहेत, सगळं उत्तम, पण माणसाला काम द्यायचं तर त्याला शोधायचं कुठे याचा पत्ता नाही.

लिहिलेलंच पुढे विकताही येतं. माझ्या पानांवरचं तपासणीचं सगळं एका क्रमाने लावून मी साठेक पानांची पीडीएफ पुस्तिका केली. पानं फुकट आहेतच, तरी लोक पुस्तिका घेतात, कारण डीपीजवळ बऱ्याचदा रेंज नसते आणि फोनमध्ये उतरवून ठेवलेली पुस्तिका तिथे उघडते. पैसे यूपीआयने एकदाच. दर महिन्याची वर्गणी ठेवून बघायचा विचार होता, पण आपल्याकडे खात्यातून आपोआप पैसे वळते करायला आधी ग्राहकाची रीतसर मंजुरी लागते, दर वेळी आगाऊ सूचना जाते, आणि माझ्या वाचकाला ती सूचना आली की फसवणूक वाटते. पेरणीच्या आणि छाटणीच्या हिशेबाने चालणाऱ्या माणसाला महिन्याची वर्गणी जमतही नाही.

कराचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीचे, कमिशनचे, पुस्तिकेचे, सगळे पैसे उत्पन्नात धरून विवरणपत्रात दाखवायचे, ते डॉलरमधून आले तरी. सेवा देणाऱ्याची वर्षाची सगळी मिळून उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्यात दुकानाचं कामही धरलं जातं. एखाद्या कंपनीने वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्तीच्या वस्तू भेट दिल्या तर त्यावर जुलै २०२२ पासून १० टक्के कर कापला जातो. पहिल्या वर्षापासून एका वहीत जमाखर्च लिहा आणि परदेशातून पैसे यायला लागले की एकदा सीएकडे जाऊन या.

राहिला तो प्रश्न जो हल्ली भाची दर सुट्टीत विचारते: गूगल आता स्वतःच वर उत्तर लिहून देतं, मग आपलं पान कोण उघडणार? एआयने लिहिलेले असे सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले, आधी इंग्रजी आणि हिंदीत. 'मोटारीचे प्रकार किती' असल्या प्रश्नाला त्या उत्तरावरच माणूस थांबतो, पान उघडत नाही. हे खरंच आहे आणि त्याने जाहिरातीचं दार आणखी अरुंद होतं. पण "ही माझी मोटार, ही तिची वायंडिंग, ही कशाने जळाली" याला माणूस फोटो बघायला येतो, आणि मग फोनही करतो. ते फोटो माझ्या दुकानातल्या बाकड्यावर काढलेले आहेत. उलट, एआयकडून एका रात्रीत शंभर लेख लिहून घेऊन टाकणारे भेटतात. वाचकाच्या उपयोगाचा नसलेला असा ढिगाने केलेला मजकूर गूगलने मार्च २०२४ पासून आपल्या स्पॅमच्या नियमांत धरला आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. मी एआयचा उपयोग शुद्धलेखन तपासायला करतो. अँपिअरचा आकडा मात्र टाँग टेस्टरवर वाचल्याशिवाय पानावर जात नाही.

सध्या लिहायला घेतलंय ते ऑटोस्विचवर, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या स्विचवर. महावितरण वरचेवर आवाहन करतं की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा. का, ते कोणी बांधावर येऊन सांगत नाही. वीज आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि होल्टेज इतकं खाली बसतं की काही मोटारी नुसत्या घुं-घुं करत राहतात. मी चार दिवस वीज यायच्या वेळी डीपीजवळच्या बोर्डावर मीटर लावून उभा होतो. पहिल्या मिनिटाचे आकडे वहीत उतरवलेत, मीटरचे फोटो काढलेत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानातले आप्पा येऊन बघत उभे राहिले. मीटरवरचा काटा बसलेला त्यांनी स्वतः पाहिला. मग म्हणाले, "आरं, पण मी एकट्यानं काढला तर बाकीचे सुरू होणार आणि माझीच मागं राहणार. सगळे काढणार असतील तर मी आज काढतो."

पानाची सुरुवात आप्पांच्या या बोलण्यापासून करणार आहे. डीपीवर किती शेतकरी आहेत त्याची यादी आप्पाच करून देतो म्हणालेत.